दाखला रोखण्याचा अधिकार

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, दहावीच्या इयत्तेत घेतल्या जाणाऱ्या 'एमकॅस' या राज्यव्यापी परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावाचून शालान्त दाखला मिळू नये, हा २००३ पासून अंमलात असलेला दंडक तेथील मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये बहुमताने रद्द केला, तेव्हा विद्येचा दर्जा आता खालावेल अशी चिंता अनेक सुज्ञांनी व्यक्त केली. ती चिंता अनाठायी नाही. परंतु दर्जा राखण्याची जबाबदारी मुळात कोणाची, हा प्रश्न तिच्याही आधीचा आहे.

त्याचा निवाडा फ्लॉरिडात पूर्वीच झालेला आहे. १९७८ च्या कायद्याने तेथे अशीच परीक्षा सक्तीची झाली, आणि ज्या कृष्णवर्णीय मुलांचा विद्यारंभ वर्णभेदाने विभागलेल्या शाळांत झाला होता, तीच फार मोठ्या प्रमाणात अनुत्तीर्ण ठरली. 'डेब्रा पी. विरुद्ध टर्लिंग्टन' या दाव्यात न्यायालयाने १९७९ मध्ये दाखला रोखण्याची तरतूद काही वर्षांसाठी तहकूब केली. आणि १९८१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने बजावले की, परीक्षेत जे विचारले ते वर्गात खरोखर शिकवले होते, हे राज्याने सिद्ध केल्याखेरीज दाखला हिरावून घेता येणार नाही.

मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानेही जून १९९३ मध्ये गरीब गावांतील मुलांना पुरेसे शिक्षण देणे हे राज्याचे घटनात्मक कर्तव्य ठरविले, आणि लगोलग झालेल्या सुधारणा-कायद्याने शाळांना वाढीव निधी व सर्वांना समान कसोटी अशी सांगड घातली. त्या कसोटीमुळे दाखल्याला मुकणारी मुले दरसाल सुमारे एक टक्काच असत. परंतु त्यांत बहुतेक इंग्रजी नव्याने शिकणारी अथवा अपंग होती, म्हणजे ज्यांना शिकविण्यात राज्याची खरी परीक्षा होती, त्यांच्यावरच शिक्षेचा अंमल होत होता.

परीक्षा बंद झालेली नाही. संघराज्याच्या कायद्यान्वये ती आजही घेतली जाते, आणि घेतलीच पाहिजे, कारण कोणत्या शाळेत गणित शिकविले गेले आणि कोठे नुसते उरकले गेले, हे राज्यभर एकाच मापाने पाहण्याचे तेच साधन आहे. मात्र तिच्या निकालाचा जाब शिक्षणखात्याला आणि निधी मंजूर करणाऱ्या विधिमंडळाला द्यावा लागला पाहिजे. जेथे मुले मागे राहिली, तेथे अधिक शिक्षक व अधिक तास देणे त्यांना कायद्याने बंधनकारक व्हावे. दाखला रोखणे बिनखर्चाचे असते, शिकविणे खर्चाचे. म्हणूनच पहिला मार्ग राज्यकर्त्यांना मोकळा ठेवता कामा नये.