मुक्या जिवाचा विमा आणि व्यापाऱ्याची वही

दुकानातील मालाचा विमा, गोदामाचा आगीचा विमा, गाडीचा विमा, घरातील माणसांचा आरोग्यविमा. नगरच्या आडते बाजारात किंवा दाळमंडईत पेढी चालवणाऱ्या कुटुंबाला हे सारे हप्ते पाठ असतात. नूतनीकरणाची तारीख आली की वहीत नोंद होते आणि विषय संपतो. अलीकडे या यादीत आणखी एक हप्ता येऊ पाहत आहे. मुलांच्या हट्टाने घरात आलेला कुत्रा किंवा गावाकडच्या शेतावर बांधलेल्या दोन-चार गाई यांचा विमा उतरवावा का, हा तो प्रश्न. रक्कम लहान आहे. पण उत्तर देताना हिशोब आणि जीवदया या दोहोंचा विचार एकत्र करावा लागतो.

जैन गृहस्थाला पशूंची जबाबदारी नवी नाही. परिग्रह-परिमाण व्रतात धन, धान्य, क्षेत्र, वास्तू यांच्याबरोबर चतुष्पदांचीही मर्यादा घातली जाते. भगवान महावीरांचे श्रावक आनंद यांच्याकडे दहा-दहा हजार गाईंची चार गोकुळे होती, असे वर्णन उपासकदशांग सूत्रात आहे. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार म्हणजे बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपानाचा विच्छेद. हे पाचही सर्वप्रथम दारातल्या जनावरालाच लागू पडतात. ज्याला दाव्याने बांधले, त्याला चारापाणी देणे हे उपकार नव्हेत, कर्तव्य आहे. आजारपणात औषधोपचार करणे हे त्याच कर्तव्याचे पुढचे पाऊल होय.

या कर्तव्याचा खर्च वाटून घेण्याची रीतही व्यापारी समाजाला जुनीच माहीत आहे. मोकाट कुत्री मारण्याच्या हुकमावरून १८३२ साली मुंबईत दंगा झाला. पारशी समाजाने पुकारलेल्या हरताळात जैन आणि हिंदूही सामील झाले. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या घराण्याच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ उभी राहिली. तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर लागा बसवून घेतला. प्रत्येकाने थोडे द्यावे आणि ज्या जिवाला गरज पडेल त्याच्यासाठी ते वापरावे, हेच विम्याचेही मूळ तत्त्व आहे. फरक इतकाच की पांजरापोळ जिवाची किंमत विचारत नसे. विमा कंपनी ती आधी विचारते.

हा फरक गाईंच्या विम्यात स्पष्ट दिसतो. अहिल्यानगर हा दुधाचा जिल्हा. संगमनेर, राहाता, राहुरी, अकोले या तालुक्यांत संकरित गाईंवर हजारो संसार चालतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘फुले त्रिवेणी’ ही गाय येथलीच. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाची साथ आली तेव्हा जिल्ह्यातील पशुपालकांना मोठा फटका बसला. शासनाने दगावलेल्या दुधाळ गाईसाठी ३०,०००, बैलासाठी २५,००० आणि वासरासाठी १६,००० रुपये मदत दिली. चांगल्या दुभत्या संकरित गाईची बाजारातील किंमत याहून बरीच अधिक असते, आणि प्रत्येक साथीत अशी मदत मिळेलच याची हमी नसते.

म्हणून दुधाचा व्यवसाय करणाऱ्याने विमा घेणे शहाणपणाचे ठरते. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२४ मधील बदलानुसार पशुपालकाचा हिस्सा हप्त्याच्या १५ टक्क्यांवर आला. उरलेला भार केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. समजा, ६०,००० रुपये किमतीच्या गाईचा वार्षिक हप्ता २,४०० रुपये आहे. अनुदान मिळाल्यास मालकाच्या खिशातून फक्त ३६० रुपये जातात. अट मात्र कडक असते. कानात बारा अंकी बिल्ला हवा, पशुवैद्यकाने केलेले मूल्यांकन हवे, आणि गाय दगावल्यास कंपनीला तातडीने कळवून शवविच्छेदनाचा दाखला मिळवावा लागतो. बिल्ला नाही तर दावा नाही, हा नियम गोठ्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असावा. बिल्ला गळून पडला तर त्याच दिवशी कळवून नवा बसवून घ्यावा. विमा उतरवल्यानंतर पहिल्या पंधरा दिवसांत रोगाने मृत्यू झाल्यास सहसा भरपाई मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे.

परंतु हा विमा मुख्यतः मृत्यूचा आहे, उपचाराचा नाही. गाय आजारी पडली तर डॉक्टरांचा खर्च मालकानेच करायचा असतो. शिवाय वयाची मर्यादा असते. दुभत्या गाईसाठी ती साधारणपणे दोन ते दहा वर्षे आणि म्हशीसाठी तीन ते बारा वर्षे धरली जाते. घोडेगाव किंवा काष्टीच्या बाजारात जिला भाव उरला नाही, तिला विम्यातही किंमत उरत नाही. नेमकी हीच भाकड, वृद्ध गाय श्रावकाच्या कसोटीची असते. तिला बाजाराची वाट दाखवायची नाही, असा निश्चय असेल तर तिच्या उरलेल्या आयुष्याचा खर्च कोणतीही पॉलिसी देणार नाही. नोंदणीकृत गोशाळांतील देशी गाईंसाठी शासनाने २०२४ मध्ये प्रतिदिन ५० रुपये अनुदान जाहीर केले. वर्षाला ते १८,२५० रुपये होतात. पण त्यात संकरित गाय बसत नाही, आणि नगर जिल्ह्याच्या गोठ्यांत संकरित गाईच बहुसंख्य आहेत.

कुत्र्याच्या विम्याचे गणित वेगळे आहे. येथे अनुदान नाही, पण शस्त्रक्रिया, रुग्णालयातील उपचार, मृत्यू आणि कुत्रा दुसऱ्याला चावल्यास द्यावी लागणारी भरपाई, असे वेगवेगळे भाग पॉलिसीत घेता येतात. वय वाढले की बहुतेक कंपन्या नवी पॉलिसी देत नाहीत. आधीपासूनचा आजार वगळला जातो, आणि लसीकरणाची नोंद नसेल तर लस घेऊन टाळता येणाऱ्या रोगांचा दावा सहसा फेटाळला जातो. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी नगरहून पुण्याला न्यावे लागले तर प्रवासाचा खर्च वेगळाच.

समजा, वार्षिक हप्ता ५,००० रुपये आहे. दहा वर्षांत ५०,००० रुपये जातील. तेच पैसे वेगळे ठेवले तर दोन वर्षांनी हाती १०,००० आणि आठ वर्षांनी ४०,००० असतील. दुसऱ्याच वर्षी पाय मोडून ३५,००० रुपयांचा खर्च आला तर शिल्लक अपुरी पडेल. आठव्या वर्षी आला तर पुरून उरेल. व्यापारातला जुना दंडक येथेही लागू होतो. दुकानाची काच फुटली तर आपण सोसतो, गोदाम जळाले तर सोसवत नाही; म्हणून विमा गोदामाचा काढतो. ज्या घराला एकदम आलेला ३५,००० रुपयांचा खर्च जड जाईल, त्याने कुत्रा लहान असतानाच विमा घ्यावा. ज्याला तो झेपेल, त्याने हप्त्याची रक्कम स्वतःकडेच साठवावी.

मात्र ‘साठवू’ असे म्हणणे आणि साठवणे यांत अंतर आहे. प्रत्यक्ष प्रसंग आला की घरातीलच कोणीतरी म्हणते, ‘जनावरासाठी एवढा खर्च कशाला?’ त्या क्षणी निर्णय भावनेवर किंवा मोठ्या आवाजावर सोडला जातो. त्यासाठी वहीत ‘जीवदया खाते’ असे वेगळे पान उघडावे आणि दरमहा ठरलेली रक्कम तेथे जमा करावी. पाळीव प्राणी घरी आणण्यापूर्वीच त्याच्या म्हातारपणापर्यंतचा खर्च घरातील वडीलधारी आणि मुले यांनी एकत्र बसून मांडावा. तो झेपत नसेल तर प्राणी न आणणे हीच दया होय. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे.

थोडक्यात, दुभत्या गाईचा अनुदानित विमा अवश्य घ्यावा; लहान वयाच्या कुत्र्याचा विमा घराची ऐपत पाहून ठरवावा; वृद्ध जिवासाठी विमा शोधण्यात वेळ न घालवता खाते उघडावे. लसीकरण वेळेवर करावे, पावत्या जपून ठेवाव्यात. गावाकडे जनावर अचानक आजारी पडले तर शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवावा. येत्या पाडव्याला नव्या वहीचे पूजन होईल, तेव्हा त्यात जीवदया खात्याचे पान आधीच आखून ठेवलेले असावे.