थकलेल्या हातांचा पगार

भाद्रपद सरत आला की मराठवाड्याच्या उन्हाला वेगळाच पिवळेपणा चढतो. सोयाबीनची पाने गळतात, वाळल्या शेंगा खुळखुळू लागतात आणि परतीचा पाऊस गाठेल की काय या धास्तीने भोकर तालुक्याच्या शिवारात पहाटेपासूनच विळे चालू होतात. याच सुमारास घरोघरी पितरांचा पंधरवडा येतो. तिथी पाहून पान वाढले जाते, कावळ्याला हाक घातली जाते आणि वर्षभर कुणी न उच्चारलेली नावे पुन्हा घराच्या ओठांवर येतात. गेलेल्यांना विसरायचे नाही, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. ते आपल्या स्वयंपाकघरातच रुजलेले आहे.

दिनदर्शिकेवरही या दिवसांत तीन तारखा एकापाठोपाठ येतात. 17 सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे स्मरण करून झेंड्याला वंदन करतो. 30 सप्टेंबरला किल्लारीच्या भूकंपाची ती पहाट आठवते. 1993 साली गणपती विसर्जन करून निजलेली गावे उजाडण्याआधीच ढिगाऱ्याखाली गेली होती. आणि लगेच दुसऱ्या दिवशी, 1 ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिन येतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1990 मध्ये ही तारीख ठरवली आणि 1991 पासून जग ती पाळत आले आहे. पहिल्या दोन तारखा आपल्या मातीतल्या, तिसरी जगाकडून आलेली. पण ओसरीवर बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाजवळ घटकाभर टेकले, की या तिन्ही तारखा त्याच्या बोलण्यात एकमेकींना भेटतात.

त्या माणसाला वय विचारून पाहावे. उत्तर आकड्यात क्वचितच येते. रझाकारांच्या वक्ताला मी पाळण्यात होते, असे एखादी आजी सांगते. मुक्तिसंग्रामात शेजारच्या उमरीत बँकेवर छापा पडला त्या सालचा माझा जन्म, असे एखादे आबा म्हणतात. कुणी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होते, कुणाच्या थोरल्या नातवाचे बारसे भूकंपाच्या साली झाले. या प्रदेशातल्या माणसांनी आपले वय असे गावावर आलेल्या प्रसंगांना गाठ मारून जपले आहे. त्या गाठी पक्क्या असतात, त्यांचा हिशेब सहसा चुकत नाही.

कागदाचा हिशेब मात्र निराळा असतो. ज्यांच्या जन्माची नोंद कुठल्याच वहीत झाली नाही आणि ज्यांनी शाळेचा उंबरा पाहिला नाही, त्यांच्या आधार कार्डावर अंदाजाने जन्मसाल लिहिले गेले आणि तारीख बहुतेकदा 1 जानेवारी पडली. असा अंदाज चार-पाच वर्षांनी चुकला, तर आयुष्यभर राबलेली बाई शासनाच्या लेखी अजून म्हातारी झालेलीच नसते. वयाचा पुरावा म्हणून जन्मनोंदीचा उतारा किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालतो. ते नसेल तर शिधापत्रिकेवरचे वा मतदार यादीतले वय, आणि तेही नसेल तर शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांनी दिलेला वयाचा दाखला ग्राह्य धरण्याची तरतूद नियमांत आहे. पण ही शेवटची वाट आपल्यापैकी किती जणांना माहीत असते? आणि जिला माहीत असायला हवी, तिला ती कोण सांगते?

आपल्या परंपरेने म्हातारपणाला सोहळ्याच्या पायऱ्या दिल्या आहेत. साठीला शांत करायची, पंच्याहत्तरीला ओवाळायचे, हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचे सहस्रचंद्रदर्शन साजरे करायचे. शासनाने बांधलेल्या पायऱ्याही काहीशा अशाच आहेत. 2018 च्या धोरणाने महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिकाचे वय 65 वरून 60 वर आणले. 65 पूर्ण झाले की श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेचे दार उघडते. एसटीचे तिकीट निम्म्यावर येते. चष्मा, श्रवणयंत्र, काठी किंवा वॉकर घेण्यासाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदा 3000 रुपये मिळू शकतात. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत लागते. सत्तरीनंतर उत्पन्नाची अट न ठेवता पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. पंच्याहत्तरीला एसटी आपल्या गाड्यांची दारे मोफत उघडते. ऑगस्ट 2022 मध्ये सुरू झालेल्या त्या सवलतीला अमृत ज्येष्ठ नागरिक हेच नाव दिले गेले. पायऱ्या आहेत, त्यांना नावेही गोड आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या चढवून नेणारा हात मात्र प्रत्येक पायरीवर असायला हवा.

या सगळ्यांत गावाच्या तोंडी सर्वांत जास्त असते ती श्रावणबाळ योजना. तिच्याआधीची पायरी म्हणजे 1980 पासून चालत आलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना. विधवा, दिव्यांग, दुर्धर आजाराने पिचलेले, ज्यांना कुणीच नाही असे, ज्यांचे वय अजून 65 झालेले नाही, त्यांच्यासाठी ती आहे. दोन्हींची रक्कम 2019 मध्ये 600 वरून 1000 आणि 2023 मध्ये 1500 रुपये झाली. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असेल तर श्रावणबाळच्या रकमेत केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेचे, ऐंशीच्या आतल्यांसाठी, 200 रुपये असतात आणि बाकीची भर राज्य घालते. कागदावर या रकमेला अर्थसाहाय्य म्हणतात, कुठे अनुदान म्हणतात. गावात मात्र तिचे नाव ‘पगार’ आहे. आबांचा पगार चालू झाला का, मावशीचा पगार या महिन्याला आला का, असेच माणसे एकमेकांना विचारतात.

हा शब्द आपण आजवर सहज ऐकत आलो. तो जरा थांबून ऐकावा असा आहे.

आज जे पासष्टी ओलांडून सत्तरीकडे निघाले आहेत, ते 1972 च्या दुष्काळात बारा-पंधरा वर्षांचे होते, आणि जे पंच्याहत्तरीत आहेत ते ऐन उमेदीत. विहिरी आटल्या, जनावरे गेली, आणि घरेच्या घरे दुष्काळी कामावर उतरली. पोरांनी आईबापांच्या शेजारी बसून खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. मराठवाड्यातून आज आपण ज्या रस्त्यांवरून धावतो, त्यांतल्या कित्येकांच्या पोटात ती खडी आहे. ‘हाताला काम द्या’ या त्या वेळच्या मागणीतून आणि वि. स. पागे यांच्या चिंतनातून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. विधिमंडळाने तो 1977 मध्ये केला, 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला आणि पुढे 2005 मध्ये साऱ्या देशाने त्या वाटेवर पाऊल टाकले. त्या हमीचा खर्च भागवण्यासाठी शहरांतल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. महिन्याचा बांधलेला पगार असणाऱ्याने, ज्याला पगार नाही त्याच्या हाताला काम मिळावे म्हणून आपल्यातला वाटा द्यायचा, हा करार महाराष्ट्राने तेव्हा स्वतःशी केला.

तेव्हाच्या त्या हातांना काम हवे होते. आज त्याच हातांना विसावा हवा आहे. नोकरी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर जे मिळते त्याला आपण संकोच न करता वेतन म्हणतो, कारण ते त्याने आधीच कमावलेले असते. मग चाळीस-पन्नास वर्षे दुसऱ्याच्या बांधावर कापूस वेचलेल्या बाईने काही कमावून ठेवलेले नाही, असे कसे म्हणता येईल? तिची वही कुणी लिहिली नाही, एवढेच. गावाने त्या पैशाला पगार म्हटले ते भाषेच्या अज्ञानातून म्हटलेले नाही. ज्याचे देणे राहून गेले आहे त्याची ती थकबाकी आहे, हे गावाला कुणी न सांगता कळले आहे.

एकदा हा शब्द मनोमन मान्य केला की पात्रतेच्या अटींकडेही आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो. श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये आहे. दिवसाच्या हिशेबात सारे कुटुंब मिळून 58 रुपयेही होत नाहीत. रक्कम दोनदा वाढली, ही मर्यादा जागची हलली नाही. त्यामुळे उत्पन्नाचा दाखला मागायला जाणाऱ्या प्रामाणिक माणसाला खरे सांगावे तर लाभ जातो आणि खोटे सांगावे तर मन खाते, अशा कोंडीत आपण उभे करतो. वयाचेही तसेच. धोरण म्हणते 60, केंद्राची वृद्धापकाळ योजनाही 60 ला सुरू होते. आपल्याकडे मात्र निवृत्तीवेतनाला 65 पुरे व्हावे लागतात. उन्हात राबलेले शरीर साठीतच वाकते. मधली ती पाच वर्षे माणसाने कशाच्या बळावर काढायची, याचे उत्तर राज्याने द्यायला हवे. रक्कम महागाईशी आणि उत्पन्नमर्यादा निदान आजच्या मजुरीशी जोडली जावी, हे मागणे अवाजवी नाही.

अटींच्या कसोटीला उतरले तरी वाट संपत नाही. पैसे आता आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होतात. मधले हात गेले, हे चांगलेच झाले. पण खाते आधारशी जोडलेले नसेल, मोबाइल क्रमांक बदललेला असेल, दर वर्षी द्यायचा हयातीचा दाखला राहून गेला असेल, तर पगार मुकाट्याने थांबतो. का थांबला, हे सांगायला कुणी दारी येत नाही. कापूस वेचून आणि मातीत राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांचा अंगठा यंत्र ओळखत नाही. तांड्यावरून किंवा तेलंगणाच्या हद्दीला टेकलेल्या एखाद्या वाडीवरून निघालेली आजी तालुक्याला येते, रांगेत बसते, आणि सर्व्हर बंद आहे हे ऐकून तशीच परतते. लेक-सून पुण्याला वा हैदराबादला कामाला, घरी सांभाळायला नातवंडे. गेलेल्या पितरांसाठी आपण तिथी चुकू देत नाही. जिवंत माणसाला मात्र आपण जिवंत आहोत हे सांगायला एकट्यानेच जावे लागते. या पंधरवड्यात ही गोष्ट आपल्या मनाला लागायला हवी.

कारण हे देणे एकट्या शासनाचे नाही. योजनेला ज्याचे नाव दिले तो श्रावण कुणी राजा वा अधिकारी नव्हता. तो मुलगा होता. घराचा वाटा घराने उचलावा म्हणून 2007 मध्ये आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा झाला आणि महाराष्ट्रात तो 1 मार्च 2009 पासून लागू झाला. ज्याला आपले पोट भरता येत नाही असा कोणताही वृद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो. भोकरला ते कार्यालय गावातच आहे. महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च ठरवून देण्याचा त्यांना अधिकार आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर जमीन वा घर नावावर करून घेतले आणि मग सांभाळले नाही, तर ते बक्षीसपत्रही रद्द होऊ शकते. हा कायदा वापरण्याची वेळ कुणावर न येवो. पण तो आहे हे ठाऊक असलेली आई वाटणीच्या दिवशी थोडी निर्धास्त सही करील. घरात बोलता येत नाही ते 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर बोलता येते, हेही तिला सांगून ठेवावे.

आपण काय करायचे, हा प्रश्न म्हणूनच फार मोठा नाही. ज्याला वाचता येते, ज्याच्या हातात मोबाइल आहे, ज्याच्याकडे दुचाकी आहे, त्या प्रत्येकाने आपल्या आळीतल्या एका म्हाताऱ्या माणसाचे कागद एकदा तपासावेत. आधारवरचे साल बरोबर आहे का, खाते चालू आहे का, हयातीची नोंद झाली का, एवढे पाहावे. महाविद्यालयातल्या मुलांनी एक दिवस तहसीलच्या आवारात बसून अर्ज भरून द्यावेत. बँकेतल्या आणि सेवा केंद्रातल्या माणसांनी अंगठा उमटला नाही तर डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवून पाहावी, आणि आजीला उद्या या म्हणण्याआधी तिचे गाव किती लांब आहे ते विचारावे.

आणि एक योग असा आहे की ज्येष्ठांच्या दिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, 2 ऑक्टोबरला, गावोगावी ग्रामसभा भरते. त्या सभेत पाणी, रस्ते, घरकुले यांची चर्चा होईल, ती व्हावीच. तिच्या आरंभी आणखी एक यादी वाचली जावी. यंदा गावात पासष्टी कुणी गाठली, पंच्याहत्तरी कुणाची झाली, पगार कुणाचा थांबला, आणि वय होऊनही कागदात कोण बसले नाही, अशा नावांची ती यादी असावी. रझाकारांच्या साली पाळण्यात कोण होते, बहात्तरला खडीवर कोण होते, हे सांगणारी तोंडे अजून गावात आहेत. ती साक्ष एकदा सभेत उच्चारली गेली, इतिवृत्तात उतरली आणि गावातला कुणी त्या म्हाताऱ्या माणसाचा हात धरून रुग्णालयापर्यंत व तहसीलपर्यंत गेला, तर स्मरणातले वय कागदावर यायला वेळ लागणार नाही.

पितरांच्या पंधरवड्यात आपण नावे घेतोच. त्यांत यंदा ओसरीवर बसलेल्यांचीही नावे घेऊ या, ती ऐकायला ते आहेत तोवर.