मनाचे दुखणे आणि अंगातला दाह

गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपल्यावर एक ताई मागे थांबल्या. सहा-सात वर्षांचा संधिवात, बोटे सुजलेली. पण तक्रार बोटांची नव्हती. "भाऊ, सकाळी डोळा उघडला की रडूच येतं. घरचे म्हणतात, नाटकं करते. सासूबाई म्हणतात, बाहेरचं आहे." भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची फ्रेम आणि दाराला लिंबू-मिरची! असो.

आम्ही कारकून माणूस, डॉक्टर नव्हे. पण या विषयावर जे वाचले ते सांगितलेच पाहिजे.

ताप आला म्हणजे जेवण नको, बोलणे नको, नुसते पडून राहावेसे वाटते. त्याला आपण नाटक म्हणत नाही. रोगाशी लढताना शरीर साइटोकाइन नावाची रसायने सोडते. ती मेंदूला निरोप देतात, आता पडून राहा. ताप उतरला की निरोप थांबतो. संधिवातात मात्र आतला दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो आणि काही जणांच्या मनावर त्याची सावली पडते.

हे नुसते तर्क नव्हेत. अमेरिकेत मेलानोमा या कर्करोगाच्या ४० रुग्णांना इंटरफेरॉन हे औषध द्यायचे होते. त्याने शरीरात ही रसायने वाढतात. निम्म्यांना आधीपासून नैराश्यावरची गोळी दिली, उरलेल्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. २००१ साली निकाल छापून आला. गोळी मिळालेल्यांत ११ टक्क्यांना नैराश्य आले, न मिळालेल्यांत ४५ टक्क्यांना! चिंतेच्या विकाराबाबतही असा संबंध दिसतो, पुरावा मात्र कमी आहे.

आमच्या मनात घर करून बसला तो दुसरा अभ्यास. २०१० सालचा, अमेरिकेतल्याच वृद्ध कृष्णवर्णीयांचा. रोजच्या जगण्यात ज्यांच्या वाट्याला भेदभाव अधिक आला, त्यांच्या रक्तात दाह दाखवणारे सीआरपी अधिक आढळले. अपमान अंगात भिनतो, असे आमची आजी म्हणायची. तिला कोणी प्रयोगशाळा दाखवली नव्हती.

मग दाहावरचे औषध दिले की मन बरे होईल का? २०१३ साली संधिवातावरचे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध हट्टी नैराश्याच्या ६० रुग्णांत तपासले. सरसकट फायदा झाला नाही. सीआरपी बरेच वाढलेल्यांतच थोडी आशा दिसली. नैराश्याच्या प्रत्येक रुग्णात दाह नसतो. म्हणून मेडिकलमधून सुजेच्या गोळ्या आणून रोज खाऊ नयेत, पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतील. डॉक्टरांनी दिलेली मनाची गोळीही आपल्या मनाने बंद करू नये.

ताईंना आम्ही एवढेच म्हणालो, "सांध्यांच्या डॉक्टरांना रडण्याचंही सांगा. तोवर फार जड वाटलं तर १४४१६ वर फोन करा. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत." यजमान दाराशी चपला घालत ऐकत होते. मंगळवारी रजा टाकून सोबत जातो म्हणाले.