राणीछाप रुपयाचे खरे मोल



आपल्या घरांतून म्हाताऱ्या माणसांच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत किंवा डब्याच्या तळाशी चांदीचे दोन-चार रुपये अजूनही निघतात. कुणी त्याला राणीछाप म्हणतात, कुणी बंदा रुपया, कुणी कळदार. आमच्या मावळात तर एका खोऱ्याचे नावच नाणे मावळ आहे! बोरघाटातला रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ या काळात हजारो मजुरांनी डोंगर फोडून तयार केला. मजुरीच्या पैशावरून १८५९ साली त्या मजुरांचा उद्रेक झाला होता. पुढेही रेल्वेच्या रुळांवर, लष्करी डेपोत, दुसऱ्याच्या भातखाचरात राबून आपल्या वाडवडिलांनी जो रुपया घरी आणला, तो हाच चांदीचा रुपया. म्हणून तो विकताना किंवा विकत घेताना त्याची रास्त किंमत किती, हे प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे.

हा विषय घेण्याचे कारण सांगतो. २०२५ च्या उन्हाळ्यात आंदर मावळातील एका आजीच्या वस्तीवर जुनी नाणी घेणारा एक फिरता माणूस आला. आजीजवळ चौदा रुपये होते. नातीला नर्सिंगच्या कोर्सला घालायचे होते, पैशाची नड होती. त्याने नगाला तीनशे प्रमाणे चार हजार दोनशे रुपये देऊ केले आणि वर, "आजी, चलनातून गेलेलं नाणं आहे, दुसरं कोणी शंभर पण देणार नाही," असे सांगितले. सुदैवाने नातीने "उद्या या" म्हणून त्याला वाटेला लावले आणि ती रुपये घेऊन आमच्याकडे लोणावळ्याला आली. आम्ही पडलो कारकून माणूस, कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसलो. तोच हिशेब येथे देत आहोत.

जुन्या रुपयाला तीन किमती असतात. पहिली त्याच्यावर लिहिलेली, म्हणजे एक रुपया. ती आता संपली. राणीचे रुपये १९४१ साली, एडवर्डचे १९४२ साली आणि पंचम जॉर्जचे १९४३ साली चलनातून बाद झाले. दुसरी किंमत त्यातल्या चांदीची. तिसरी किंमत दुर्मीळपणाची, म्हणजे नाणी जमवणारा हौशी माणूस चांदीच्या वर जे देईल ती. फिरता खरेदीदार आपल्याला पहिली किंमत सांगून घाबरवतो, दुसरी लपवतो आणि तिसरी स्वतःच्या खिशात घालतो.

लिहिलेली किंमत आणि चांदीची किंमत यांतला हा फरक साधा नाही. १८९३ पर्यंत कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जाई आणि रुपये पाडून आणी. त्या वर्षी सरकारने ही मुभा बंद केली आणि रुपयाचा भाव त्यातल्या चांदीपासून सुटला. या सगळ्या घडामोडीचा कसून अभ्यास करून परमपूज्य बाबासाहेबांनी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लिहिला. तो १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झाला. रुपयाने बाजारात काय आणि किती विकत घेता येते, ते मोल स्थिर राहिले पाहिजे, हे त्यांनी त्यात ठासून मांडले. ज्यांच्या नेत्याने रुपयाचा असा हिशेब मांडला, त्यांनी आपल्या पेटीतला रुपया न तोलता देऊन टाकावा, हे शोभत नाही.

आता तोलाचे पाहू. जुन्या पूर्ण रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. राणी व्हिक्टोरिया, डोक्यावर मुकुट नसलेला दाढीवाला एडवर्ड (१९०३ ते १९१०) आणि मुकुटवाला दाढीचा पंचम जॉर्ज (१९११ ते १९३६) यांच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असते. म्हणजे एका रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. पुढे दुसऱ्या महायुद्धात चांदी कमी केली. बिनदाढीच्या सहाव्या जॉर्जचा १९४० ते १९४५ चा रुपया निम्म्याच चांदीचा, म्हणजे ५.८३ ग्रॅमचा. १९४७ चा रुपया निकेलचा आहे, त्यात चांदी अजिबात नाही. तो लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. ही परीक्षा घरबसल्या होते.

आजीच्या चौदा रुपयांत नऊ पंचम जॉर्जपर्यंतचे, चार युद्धकाळातले आणि एक १९४७ चा निघाला. तेव्हा चांदी किलोला लाखाच्या आसपास, म्हणजे ग्रॅमला शंभर रुपये होती. नऊ रुपयांचे प्रत्येकी १,०६९ प्रमाणे ९,६२१ झाले. चार रुपयांचे प्रत्येकी ५८३ प्रमाणे २,३३२ झाले. एकूण ११,९५३ रुपये. निकेलचा रुपया बाजूला ठेवला. कुठे चार हजार दोनशे आणि कुठे बारा हजार! नाणी झिजलेली असतात, सराफही मोडीची घट धरतो, म्हणून हातात याहून थोडे कमी येणार, हे आजीला आधीच सांगितले. दोन दुकानांत भाव विचारला, काट्यावर वजन समोर करून घेतले, पावती घेतली. नातीची फी भरली गेली. वाचकांनी हिशेब करताना त्या दिवशीच्या पेपरातला भाव घालावा. चांदीचा भाव रोज बदलतो, वजन तेवढेच राहते.

तिसऱ्या किमतीबद्दल फार हवेत जाऊ नये. जुने तेवढे दुर्मीळ असे नसते. राणीचे आणि पंचम जॉर्जचे बहुतेक रुपये कोट्यवधींनी पाडले होते. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया मात्र कमी मिळतो. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, सरकारने ती नाणी मागे घेतली आणि १९१२ पासून सोंड नीट दाखवली. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपयाही दुर्मीळ आहे. असे साल दिसले तर मोडीत घालू नका, दोन जाणकारांना दाखवा. पुण्यात नाण्यांची प्रदर्शने भरतात, तेथे विचारता येते. आणि एक, चिंच, राख किंवा टूथपेस्टने नाणे घासू नका. हौशी माणूस घासलेल्या किंवा कडी लावलेल्या नाण्याला वरकड पैसे देत नाही.

फसवणुकीचे प्रकारही ओळखून असावे. एकीकडे राम-सीता किंवा हनुमान आणि दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनी १८१८ असे लिहिलेली नाणी जत्रेत विकतात. कंपनीने असले नाणे कधी पाडलेच नाही. तांदूळ ओढणारे नाणे म्हणून लाखोंच्या बाता मारणारा तर सरळ भामटा समजावा. फोनवर "जुने नाणे द्या, लाखो घ्या" म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने आधी फी मागतात. आपण असा व्यवहार करत नाही, असे त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे.

आपल्या श्रद्धेचाही बाजार होतो. बाबासाहेबांचे १९९० चे एक रुपयाचे नाणे तांबे-निकेलचे आहे, चांदीचे नाही. २०१५ चे १२५ रुपयांचे नाणे ३५ ग्रॅमचे आणि निम्म्या चांदीचे, म्हणजे १७.५ ग्रॅम चांदीचे आहे. १४ एप्रिलला किंवा ६ डिसेंबरला स्टॉलवरून काही घेताना ते सरकारी नाणे आहे की मुलामा दिलेले पदक, एवढे पाहूनच पैसे काढा.

शेतात किंवा पाया खोदताना नाणी सापडली तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली नहपान राजाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. याच नहपानाचा जावई उषवदात याने भिक्खूंना गाव दान दिल्याचा लेख आमच्या कार्ल्याच्या लेण्यात आहे. ती नाणी गुपचूप आटवली गेली असती तर त्या काळच्या इतिहासाचा केवढा पुरावा गेला असता!

शेवटी घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. आपल्यातली कमावती पोरे आता हौसेने नाणी जमवतात, ही चांगली गोष्ट आहे. पण मावशीकडून, शेजारच्या काकूंकडून नाणे घेताना आधी वजन करा, चांदीचा हिशेब त्यांना वाचून दाखवा आणि त्या रकमेच्या खाली कधी देऊ नका. नाणे दुर्मीळ असेल तर तेही सांगा आणि त्याचे वेगळे पैसे द्या. समोरच्याचे अज्ञान हा आपला नफा होता कामा नये. सावकाराने अंगठा घेऊन आपल्या आजोबांना लुबाडले, तेच आपण पेन घेऊन करायचे काय? सम्यक आजीविका म्हणतात ती अशा छोट्या व्यवहारातच दिसते.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात एक लहान डिजिटल काटा आणि त्या दिवशीचा पेपर ठेवा. ज्यांच्याकडे जुने रुपये आहेत त्यांनी ते आणावेत, तोलावेत, वहीत लिहून ठेवावेत. विकायचे की ठेवायचे हे ज्याने त्याने ठरवावे. पण आपल्या पेटीत काय आहे, हे माहीत असलेच पाहिजे.