दिलेल्या शब्दाचा हिशेब

निवडणुकीचा जाहीरनामा हा आपल्या देशात एक अल्पायुषी वाङ्मयप्रकार होऊन बसला आहे. मतदानाच्या तोंडावर तो समारंभपूर्वक प्रसिद्ध होतो, मतमोजणीच्या दिवशी त्याची रद्दी होते आणि पाच वर्षांनी तोच मजकूर नवे वेष्टन लेवून पुन्हा दारी येतो. रस्ते, पाणी, नोकऱ्या यांविषयीची आश्वासने निदान डोळ्यांना दिसतात. खड्डा बुजला की नाही हे सांगायला कायदेपंडित लागत नाही. परंतु ज्या आश्वासनांचे लाभार्थी संख्येने थोडे, विखुरलेले आणि उघडपणे पुढे येण्यास कचरणारे असतात ती आश्वासने देणे अत्यंत स्वस्त, आणि मोडणे त्याहूनही स्वस्त. समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला किंवा सहजीवनाला कायद्याची मान्यता देण्याविषयी आपले राजकीय पक्ष आजवर जे बोलत आले ते नेमके ह्या वर्गात मोडते.

ह्या विषयावर अग्रलेख कशासाठी, असा प्रश्न आमच्या काही वाचकांच्या मनात उभा राहील याची आम्हांस कल्पना आहे. विवाह हा संस्कार आहे, करार नव्हे, ही भावना आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे आणि तिची टवाळी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण गोमंतकीय हिंदूला तरी एक गोष्ट समजावून सांगण्याची गरज नसावी. त्याची लग्ने दोन होतात. एक मंडपात, मंगलाष्टकांच्या घोषात. दुसरे नोंदणी कचेरीत, सही ठोकून. कायदा ओळखतो ते दुसरे. पहिल्या लग्नात काय व्हावे, कोणत्या देवासमोर व्हावे, कोणत्या कुळाचाराने व्हावे यात सरकार पडत नाही, आणि कोणी पडावे असे म्हणतही नाही. वाद आहे तो दुसऱ्या लग्नाचा, त्या कचेरीतील वहीचा.

ह्या वहीचे मूळ लिस्बनमध्ये आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि १९१० चा विवाहविषयक कायदा यांच्या आधारे गोव्याचा कौटुंबिक व्यवहार आजही बऱ्याच अंशी चालतो. गंमत अशी, की खुद्द पोर्तुगालने ती जुनी संहिता १९६७ मध्ये बाजूला सारली. म्हणून जेथून हा कायदा आला तेथे पुढे काय घडले हे पाहणे अप्रस्तुत ठरू नये. विशेषतः दिलेल्या शब्दाच्या संदर्भात ते बोधप्रद आहे.

फेब्रुवारी २००६ मध्ये लिस्बनच्या नोंदणी कचेरीत दोन स्त्रिया विवाहासाठी गेल्या. त्यांना परत पाठवण्यात आले. त्या न्यायालयात गेल्या. तेथेही यश आले नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये डाव्या गटाने आणि हरित पक्षाने संसदेत ह्या विषयावर विधेयके आणली. सत्तारूढ समाजवादी पक्षाने ती पाडली. कारण असे दिले, की २००५ च्या आमच्या निवडणूक कार्यक्रमात हा विषय नव्हता, मतदारांनी आम्हांस त्यासाठी कौल दिलेला नाही. हे कारण म्हणजे पळवाट आहे, असे त्या वेळी अनेकांना वाटले असेल. तसे वाटणे स्वाभाविकही होते. पण पुढे काय झाले? २००९ च्या निवडणुकीपूर्वी त्याच पक्षाने, जुझे सोक्रातिश यांच्या नेतृत्वाखाली, समलिंगी विवाहाचा मुद्दा आपल्या कार्यक्रमात उघडपणे लिहिला. पोर्तुगाल हा कट्टर कॅथलिक परंपरेचा देश, फातिमाचा देश. तेथे हे लिहिणे म्हणजे काही मते हातची घालवण्याची तयारी ठेवणे होते. निवडणुकीत पक्षाचे निर्विवाद बहुमत गेलेही. २३० जणांच्या सभागृहात १२१ वरून तो ९७ वर आला. त्याची कारणे मुख्यतः आर्थिक होती, पण शब्द फिरवायला याहून चांगली सबब कोणती मिळाली असती? आमच्याकडील एखादा नेता 'आता आघाडीचे राजकारण आहे' असे म्हणून मोकळा झाला असता.

तसे झाले नाही. ८ जानेवारी २०१० रोजी संसदेने १२६ विरुद्ध ९७ मतांनी विधेयकाला मान्यता दिली. राष्ट्राध्यक्ष कावाकु सिल्व्ह यांचा त्याला वैयक्तिक विरोध होता. त्यांनी ते घटना न्यायालयाकडे पाठवले. न्यायालयाने एप्रिलमध्ये ते वैध ठरवले. मे महिन्यात पोप सोळावे बेनेडिक्ट पोर्तुगालच्या भेटीस आले, आणि त्यांची पाठ फिरून आठवडाही झाला नाही तोच, १७ मे रोजी, राष्ट्राध्यक्षांनी सही केली. आपली व्यक्तिगत मते आपण बाजूला ठेवीत आहोत, देश आर्थिक संकटात असताना हा वाद लांबवणे योग्य नव्हे, अशा अर्थाचे निवेदन त्यांनी केले. ७ जून २०१० रोजी, २००६ मध्ये परत पाठवलेल्या त्याच दोन स्त्रियांचा विवाह लिस्बनमध्ये नोंदला गेला. दत्तक घेण्याचा अधिकार मात्र त्या कायद्याने नाकारला होता. तो मिळण्यास २०१६ उजाडले, आणि त्यासाठी संसदेला राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार मोडून काढावा लागला. त्या वेळी पंतप्रधानपदी होते अंतोनियो कोश्ता, मडगावच्या कोश्ता घराण्याचे वंशज. २०१७ मध्ये ते गोव्यात आले तेव्हा त्यांचे येथे स्वागत झाले. 'आमचा बाबूश' म्हणून त्यांचे कौतुक झाले. ह्या एका विषयावर त्यांना कोणी काही विचारल्याचे आमच्या तरी वाचनात आले नाही.

आता आपल्या घरी या. एप्रिल-मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे हा प्रश्न दहा दिवस चालला. केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्रात ही मागणी म्हणजे शहरी उच्चभ्रूंचे मत असल्याचे म्हटले. परंतु सुनावणीत जोडप्यांच्या रोजच्या अडचणींचा पाढा वाचला जाऊ लागला तेव्हा ३ मे रोजी सॉलिसिटर जनरलनी न्यायालयास सांगितले, की मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून ह्या अडचणी प्रशासकीय मार्गाने दूर करण्याचा विचार करू. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात पाचही न्यायमूर्तींनी विवाहाचा कायदा करणे हे विधिमंडळाचे काम असल्याचे सांगितले. सहजीवनाला मान्यता देण्यावर तीन विरुद्ध दोन असे मतभेद झाले. सरकारच्या त्या आश्वासनाची मात्र नोंद झाली, आणि समिती नेमावी असे न्यायालयाने सांगितले. मुदत घातली नाही. समिती प्रत्यक्षात अधिसूचित झाली ती एप्रिल २०२४ मध्ये, म्हणजे निकालानंतर सहा महिन्यांनी आणि आश्वासनानंतर जवळजवळ वर्षाने. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. न्यायालयाचा दरवाजा त्यामुळे तूर्त बंद झाला आहे. उरला तो दिलेला शब्द.

त्या शब्दापोटी आजवर काय पदरात पडले? शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच घरातील समजावे, अशी सूचना राज्यांना गेली. जोडीदाराचा मृतदेह ताब्यात मिळण्याविषयी आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये पत्र धाडले. त्याच महिन्यात अर्थ मंत्रालयाने जाहीर केले, की समलिंगी व्यक्तींना संयुक्त बँक खाते उघडण्यास व जोडीदारास नामनिर्देशित करण्यास कोणतीही आडकाठी नाही. हे वाचून आम्हांस हसावे की रडावे कळेना. संयुक्त खाते तर दोन मित्रही उघडू शकतात, दोन भागीदारही उघडतात. जे कधी निषिद्ध नव्हतेच ते खुले असल्याचे परिपत्रक काढणे, यालाच मराठीत कोपराला गूळ लावणे म्हणतात. वारसाहक्क, निवृत्तिवेतन, दत्तक, रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करण्याचा अधिकार हे जे मूळ दुखणे, त्याला परिपत्रकांनी औषध मिळत नाही. त्याला कायदा लागतो.

गोव्यात तर हे दुखणे अधिक तीव्र आहे, आणि ह्याची जाणीव आमच्या आमदारांपैकी किती जणांना असेल याविषयी आम्ही साशंक आहोत. आपल्या कायद्यानुसार, वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर, विवाहाबरोबर पतिपत्नींची संपत्ती समाईक होते; एकाच्या मृत्यूनंतर निम्मा वाटा दुसऱ्याचा असतोच, तो वारसा म्हणून मिळवावा लागत नाही. ह्या तरतुदीचा आपण गोमंतकीय अभिमानाने उल्लेख करतो, आणि तो सार्थ आहे. पण ज्यांना विवाहच करता येत नाही त्यांना हे छत्र नाही. शिवाय मुले किंवा आईवडील हयात असतील तर त्यांचा राखीव हिस्सा मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. म्हणजे वीस-पंचवीस वर्षे एकत्र राहून, दोघांच्या मिळकतीतून बांधलेले घर एकाच्या नावावर असेल, आणि तो गेला, तर दुसऱ्याला संपूर्ण घर मृत्युपत्राने देण्याची सोयही त्या जाणाऱ्याला राहत नाही. अन्य राज्यांत निदान स्वकष्टार्जित मालमत्तेचे मृत्युपत्र हिंदूला हवे तसे करता येते. गोव्यात तेही नाही. आपल्याच प्रगत कायद्याचा हा फास काही थोड्या लोकांच्या गळ्याभोवती बसला आहे.

'हा दिल्लीचा विषय आहे' असे आमचे पुढारी म्हणतील. तसे नाही. विवाह व घटस्फोट हा घटनेच्या समवर्ती सूचीतील विषय असून राज्यांनाही त्यावर कायदा करता येतो. त्याचा ताजा पुरावा उत्तराखंडने दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदानाच्या तोंडावर तेथील मुख्यमंत्र्यांनी समान नागरी कायद्याचे आश्वासन दिले. मे महिन्यात न्यायमूर्ती रंजना देसाई यांची समिती बसली. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधेयक संमत झाले आणि २७ जानेवारी २०२५ पासून कायदा अमलात आला. मनात असले की शब्द तीन वर्षांच्या आत कसा पाळला जातो पाहा! त्या कायद्याने विवाहाविना एकत्र राहणाऱ्या जोडप्यांचीही नोंदणी सक्तीची केली, पण केवळ स्त्री व पुरुष यांचीच. समलिंगी जोडपे त्याच्या खिजगणतीतही नाही. समान नागरी कायद्याचा विषय निघाला की देशभरचे वक्ते गोव्याचे उदाहरण देतात. समान म्हणजे किती समान, हा प्रश्न मग गोव्यानेच विचारावयास नको काय?

विरोधी पक्षांची गोष्ट निराळी नाही. काँग्रेसने २०२४ च्या जाहीरनाम्यात, व्यापक विचारविनिमय करून अशा जोडप्यांच्या नागरी सहजीवनाला मान्यता देणारा कायदा आणू, असे लिहिले. मार्क्सवाद्यांनी तर २०१९ मध्येच तसे लिहिले होते. सत्ता मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही, हे ठीक. पण विचारविनिमयाला सत्ता लागत नाही. तो कोठे सुरू झाला? कोणत्या राज्यात, कोणाशी? काँग्रेसची जेथे राज्य सरकारे आहेत तेथे कोणते पाऊल पडले? सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ रोजी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले, त्याचे आम्ही स्वागत करतो. मात्र १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत संमत झालेले नाही हे मांडणाऱ्यालाही ठाऊक असते. अशा विधेयकाचे मोल, ते मांडणारा पक्ष पुढे त्याचा पाठपुरावा किती करतो यावर ठरते.

जे पुढारी ह्या मान्यतेच्या विरुद्ध आहेत त्यांच्यावर आमचा राग नाही. त्यांनी तसे स्पष्ट सांगावे, कारणे द्यावीत, मतदार त्यांचे मूल्यमापन करील. आमची तक्रार आहे ती न्यायालयात एक, परिषदेत दुसरे आणि मंदिराच्या प्रांगणात तिसरे बोलणाऱ्यांविषयी. बराक ओबामा २००८ मध्ये उमेदवार असताना समलिंगी विवाहाला आपला विरोध असल्याचे सांगत, आणि २०१२ मध्ये त्यांनी जाहीर पाठिंबा दिला. मत बदलले यात गैर काही नाही. पण त्यांचेच प्रमुख सल्लागार डेव्हिड ॲक्सलरॉड यांनी २०१५ मध्ये लिहून टाकले, की आधीचा विरोध हा निवडणुकीचा हिशेब होता. आपल्याकडे असा कबुलीजबाब लिहिण्याचीही पद्धत नाही.

लोकसभेत शासकीय आश्वासन समिती नावाची एक समिती १९५३ पासून आहे. मंत्र्याने सभागृहात 'विचार करू', 'बाब विचाराधीन आहे' असे म्हटले, तरी ते आश्वासन म्हणून नोंदले जाते; साधारण तीन महिन्यांत ते पुरे करावे अशी अपेक्षा असते, न झाल्यास मुदतवाढ मागावी लागते, कारणे सांगावी लागतात. न्यायालयात वकिलामार्फत दिलेला शब्द ह्या समितीच्या कक्षेत येत नाही. पण तोच प्रश्न खासदाराने सभागृहात विचारला आणि मंत्र्याने उत्तर दिले, की तो येतो. २०२४ मध्ये गोव्याने दोन खासदार लोकसभेत पाठवले, एक सत्तारूढ पक्षाचा व एक काँग्रेसचा. म्हणजे आश्वासन देणाऱ्या दोन्ही बाजू आपल्या वाट्याला आल्या आहेत. मंत्रिमंडळ सचिवांच्या समितीच्या किती बैठका झाल्या, तिने वारसा व निवृत्तिवेतनाविषयी काय ठरवले आणि तिचा अहवाल सभागृहापुढे केव्हा ठेवणार, एवढे तीन प्रश्न त्यांच्यापैकी कोणीही लेखी विचारू शकतो. त्याला खर्च एका कागदाचा आहे.