निवडून आलेला न्यायाधीश कोणाचा?



धुऱ्याचा दावा असो की भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचा, पेशीमागून पेशी पडते आणि पारावर एकच सूर निघतो : आमदारासारखा न्यायाधीशही निवडून द्या, म्हणजे वठणीवर येईल. या मागणीला आमचा साफ विरोध आहे.

हा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात जिल्ह्याचे न्यायाधीश लोकच निवडतात. तिथल्या लुझर्न जिल्ह्यात मार्क शिव्हरेला १९९५ साली निवडून आला. चुकलेल्या पोरांना दयामाया नाही, ही त्याची ख्याती. लोकांना ती आवडली. २००५ साली मतदारांनी त्याला आणखी दहा वर्षे बहाल केली.

आत काय शिजत होते? त्याचा जोडीदार न्यायाधीश मायकेल कोनाहन याने २००२ साली सरकारी बालसुधारगृह बंद पाडले. पोरे खाजगी सुधारगृहात जाऊ लागली. ते बांधणाऱ्याकडून आणि त्याच्या एका मालकाकडून या दोघांकडे २८ लाखांवर डॉलर पोचले. २००७ साली एका मुलीने उपमुख्याध्यापिकेची संगणकावर टिंगल केली. शिक्षा तीन महिने. बाजूला वकील नाही.

हा चोर मतपेटीने पकडला नाही. बालहक्कांच्या वकिलांनी २००८ साली वरच्या न्यायालयात दाद मागितली, केंद्राचा तपास झाला. २००९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हजारो पोरांचे निकाल पुसून टाकले. २०११ साली शिव्हरेलाला २८ वर्षांची कैद झाली.

बियाण्याची पिशवी लेबल पाहून घेतो आणि उगवण झाली नाही की कपाळाला हात लावतो. प्रचाराचे भाषण म्हणजे लेबलच. आणि इथे प्रचाराला पैसा कोण देईल? जिनवाला, सावकार, बियाणे कंपनी. त्यांच्या पैशावर खुर्चीत बसलेला माणूस त्यांच्याविरुद्धचा तुमचा दावा चालवणार!

म्हणून मागायचे ते हे : तालुका न्यायालयातल्या रिकाम्या जागा भरा. १९९८ पासून खालच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरली आहे, तर निकाल मराठीतच द्या. १९८७ च्या कायद्याने बायाबापड्यांना आणि गरिबांना फुकट वकील मिळतो, तो हक्काने मागा. आणि पेशीला एकटे जाऊ नका. न्यायालय उघडे असते. गावातले दहाजण मागच्या बाकावर बसा, ऐका, तारखा वहीत लिहा.

पाच वर्षांतून एकदा शिक्का मारण्यापेक्षा दर पेशीला जागणारे डोळे जास्त कामाचे!