रोह्याचे कातडे कोण तपासतो?



रात्रभर जागल करूनही आपल्या ज्वारीत घुसतो तो रोही अमेरिकेतही आहे. टेक्सासच्या दक्षिणेला किंग रँच नावाचे प्रचंड गुराढोरांचे रान आहे. तिथे १९२०-३० च्या काळात तो आणून सोडला. तिथे तो माजला आणि गुरे पाळणाऱ्यांच्या डोक्याला ताप झाला. पिकापायी नव्हे, गोचिडीपायी.

गोचीड जनावराला तापाचे जंतू देते, हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ साली दाखवून दिले. लाल लघवी होते आणि जनावर आडवे पडते. १९०६ पासून तिथल्या सरकारने मोहीम चालवली आणि १९४३ पर्यंत गोचीड मेक्सिकोच्या हद्दीपर्यंत हटवली. त्या नदीकाठी पहाऱ्याचा पट्टा आजही आहे, घोडेस्वार भटकी गुरे धरतात. पण हरीण आणि रोही काही दाखला घेऊन नदी ओलांडत नाहीत. गाय औषधाच्या हौदातून काढता येते. हरणाला औषध घातलेला मका खाऊ घालतात. रोही सहसा त्या मक्याला तोंडही लावत नाही. (आपल्याकडचा तेवढा शहाणा नाही!)

म्हणून तिथे शिकाऱ्याला कामाला लावले. गोचिडीच्या पट्ट्यात हरीण किंवा रोही मारला की निरीक्षकाला कळवायचे, कातडे तपासून घ्यायचे, मगच शिकार हलवायची. सापडलेली गोचीड कुठल्या रानातली, कुठल्या जनावरावरची, याची नोंद होते. रानटी जनावर संशोधकाच्या हाती एरवी कुठून लागणार? शिकारी काही विज्ञानाचा भक्त नाही, त्याला मटण हवे असते. तरी काम होते.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे. ती उठवा म्हणून मी हे लिहीत नाही. उभे पीक नासवणारे जनावर मारण्याच्या परवानगीची तरतूद त्याच कायद्यात आहे. ती हाती पडेपर्यंत हंगाम सरतो, तो विषय वेगळा. पण रोही विहिरीत पडून मरतो, गाडीखाली येऊन मरतो. पंचनामा होतो. त्याचे कातडे कोणी चाचपले? टेक्सासला छळणाऱ्या गोचिडीच्या दोन जातींपैकी एक आपल्या बैलांच्या अंगावर आहेच, आणि रोही-बैल एकाच धुऱ्यावर चरतात. कर्ज काढून आणलेली संकरित गाय लाल लघवी करून मेली की दोष मात्र आपल्या गोठ्याला!

येत्या बैठकीला तालुक्याच्या पशुवैद्यकांना बोलवा आणि हे विचारा. मेलेल्या रोह्याला आपण हात लावायचा नाही. वनखात्याचा पंचनामा होताना गोचिडी त्यांनी वेचाव्यात, बाटलीवर गाव आणि गट नंबर लिहावा. जागा आपण दाखवू.